आधी ८.७, सात वर्षांनी १०. 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी'च्या बाबतीत समीक्षक चुकले होते का?

सुरपेटी | शनिवार, रात्री १०:१२

गेले दोन आठवडे आमच्या घरात एकच अल्बम चालू आहे, म्हणून शेवटी धागा काढतेय.

न्यूट्रल मिल्क हॉटेल हा अमेरिकन बँड. म्हणजे लुइझियानातल्या रस्टन गावचा जेफ मँगम आणि त्याचे मित्र. पहिला अल्बम 'ऑन एव्हरी आयलंड' १९९६ साली आला. तो त्याने रॉबर्ट श्नायडर या शाळासोबत्याला घेऊन डेन्व्हरमध्ये केला, बराचसा दोघांनीच. दुसरा हा 'एअरोप्लेन', फेब्रुवारी १९९८ चा. तो काढणारी मर्ज ही नॉर्थ कॅरोलायनातली छोटी कंपनी. पहिला पाचेक हजार खपला होता, त्या हिशेबाने दुसऱ्याच्या ५,५०० सीडी काढल्या. आणि आत काय आहे? ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम (हे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य), अकॉर्डियन, बँजो, कमानीने वाजवलेली करवत, आयरिश पाइप. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं. चाळीस मिनिटं, अकरा गाणी, आणि बऱ्याच गाण्यांच्या मुळाशी डायरी लिहिणारी अ‍ॅन फ्रँक.

आता मुद्दा. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने १९९८ मध्ये याला १० पैकी ८.७ दिले. 'रोलिंग स्टोन' मासिकाने पाचपैकी तीन तारे. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये डॉमिनो कंपनीने अल्बम पुन्हा काढला, तेव्हा त्याच पिचफोर्कने १० पैकी १० दिले. २०२० मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या सर्वोत्तम ५०० अल्बमांच्या यादीत तो ३७६ वा होता. ध्वनिमुद्रण तेच आहे, एक सूर बदललेला नाही.

माझं मत सरळ आहे: १९९८ मध्ये समीक्षक चुकले. पहिल्या अल्बमनंतर एवढी मोठी उडी घेतलेली त्यांना दिसायला हवी होती. तुम्हाला काय वाटतं?

मिसळपाववाला | रात्री १०:२०

बँडचं नाव वाचून वाटलं, एसटी स्टँडबाहेर रात्री मसाला दूध मिळतं तसलं काही असेल. ऐकून बघतो आणि येतो.

तंबोरा | रात्री १०:४७

सुरपेटी, ८.७ ला तुम्ही चूक कसं म्हणता? दहातले पावणेनऊ म्हणजे डिस्टिंक्शन! न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या १९९८ च्या समीक्षक-कौलातही हा पहिल्या पंधरात होता. म्हणजे कोणी झिडकारलेला नाही, चांगलं म्हणून पुढे गेले. छोट्या कंपनीचा, रेडिओवर न वाजणारा, बिलबोर्डच्या खपाच्या यादीत न आलेला अल्बम, त्याला एवढं मिळालं हे मला पुष्कळ वाटतं.

तीन ताऱ्यांचंही मला समजतं. चाली खरोखर साध्या आहेत. गिटार हातात घेतलेल्या कुणालाही सहा महिन्यांत यातली अर्धी गाणी येतील. आवाज तर कित्येक ठिकाणी सुराच्या काठावरून चालतो. ज्याला एका आठवड्यात दहा अल्बम ऐकून लिहायचंय, त्याला हे जाणवलं आणि त्याने लिहिलं. प्रामाणिकपणे लिहिलं.

रानजाई | रात्री ११:०५

तंबोरा +१, पण आवाजाबद्दल नाही.

मँगमचा आवाज सुराच्या काठावर आहे कारण तो पूर्ण ताकदीनिशी गातोय. शाहीर डफावर उभा राहतो तेव्हा त्याच्याकडून आपण मुलायम मींड मागतो का? मागच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं त्याला. 'ओह कमली' ऐका, आठ मिनिटांचं आहे. श्नायडरने सांगितलंय की ते नुसतं माइकची लेव्हल तपासायला सुरू केलं होतं आणि मँगम थांबलाच नाही, एका दमात शेवटपर्यंत गेला. तेच मुद्रण ठेवलं, वाद्यं नंतर चढवली. शेवटी मागून कुणीतरी थक्क होऊन ओरडल्याचं ऐकू येतं. तो स्कॉट स्पिलेन, बँडमधला ट्रम्पेटवाला. मला तर तीच पहिली समीक्षा वाटते, आणि तिने एकही गुण कापलेला नाही.

अटकेपार | रविवार, सकाळी ६:३२

इथे न्यू जर्सीत रात्र आहे, झोपण्याआधी लिहून टाकतो.

मी मुद्रणात काम करतो म्हणून या बाजूने सांगतो. या अल्बमची 'फाटकी' गिटार ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की पैसे नव्हते म्हणून आवाज असा आला. पैसे नव्हतेच, पण हा आवाज ठरवून काढलेला आहे. अकूस्टिक गिटारला माइक अगदी चिकटवायचा आणि लेव्हल काटा लाल पट्ट्यात जाईपर्यंत चढवायची. अशाने लाकडी गिटार इलेक्ट्रिकसारखी गुरगुरते, तरी लाकूड ऐकू येत राहतं. त्यावर ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, आलं की सगळं भिंतीसारखं अंगावर येतं. 'हॉलंड, १९४५' मोठ्या आवाजात ऐका म्हणजे कळेल. त्या काळच्या सरावलेल्या कानाला हे 'बिघाड' वाटलं असेल, नवल नाही.

म्हणून सुरपेटी यांच्याशी अर्धा सहमत. महत्त्वाकांक्षा म्हटली की लोक मोठा स्टुडिओ, व्हायोलिनचा ताफा, दुहेरी अल्बम शोधतात. इथे ती एका गरीब मशीनमध्ये ठासून भरली होती, त्यामुळे पटकन दिसली नाही.

सुरपेटी | सकाळी ९:१०

अटकेपार, हेच मला म्हणायचं होतं पण शब्द सापडत नव्हते. तंबोरा, पावणेनऊ डिस्टिंक्शन हे मान्य. पण मग १० कुठून आले? मधल्या सात वर्षांत गाण्यांनी पुरवणी परीक्षा दिली नव्हती!

ओंकार_ध | सकाळी ९:३८

सांगतो कुठून आले. गायब होण्यातून.

१९९८ चा दौरा संपला आणि मँगमने बँड थांबवला. तिसरा अल्बम नाही, कार्यक्रम जवळपास नाहीतच. २००० मध्ये तो बल्गेरियात कोप्रिव्हश्तित्साच्या लोकसंगीत मेळ्याला गेला, तिथली गाणी मुद्रित करून आणली आणि ती २००१ मध्ये निघाली. २००२ मध्ये थोडे दिवस डब्ल्यूएफएमयू रेडिओवर 'जेफरसन' नावाने रात्री गाणी लावली. बस. तोवर इकडे इंटरनेटवर अल्बम हातोहात फिरत होता. २००३ मध्ये 'मॅग्नेट' मासिकाने आधीच्या दहा वर्षांतला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याला पहिला क्रमांक दिला. त्याच वर्षी पिचफोर्कच्या नव्वदच्या दशकाच्या यादीत तो चौथा होता. २००५ ला १० देणं म्हणजे झालेल्या लग्नाची नोंदणी.

तो दर दोन वर्षांनी एक ठीकठाक अल्बम काढत राहिला असता, तर आज 'त्याचा दुसरा चांगला होता' एवढंच म्हटलं असतं. दंतकथेचे दीड गुण आहेत ते.

मिसळपाववाला | सकाळी ९:५१

"झालेल्या लग्नाची नोंदणी" हसून हसून पुरेवाट!

ऐकला. दोनदा. करवतीचा आवाज आला तेव्हा आमची मांजर उठून स्पीकरसमोर जाऊन बसली. मला दुसऱ्यांदा जास्त आवडला. एवढंच खात्रीने सांगू शकतो.

रानजाई | सकाळी १०:१५

ओंकार, दीड नाही, एक पूर्णांक तीन. :)

पण बघ ना, गायब झालेले पुष्कळ आहेत. एक अल्बम काढून नोकरीला लागलेल्या बँडांनी जग भरलंय. त्यांच्या दंतकथा का होत नाहीत? माणूस गेल्यावर मागे उरलेलं लोकांना पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटलं, तरच तो का गेला हे कुणी विचारतं. २००८ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या लाँगप्ले रेकॉर्डच्या यादीत हा सहावा होता, दहा हजारांवर प्रती. दहा वर्षं जुना, जाहिरात नसलेला अल्बम. विकत घेणाऱ्याने कथेसाठी पैसे मोजले असं मला वाटत नाही. कथा फुकट मिळत होती.

वामांगी | दुपारी १२:०२

जरा वेगळा सूर लावते, राग मानू नका.

मला हा अल्बम अस्वस्थ करतो, आणि पहिल्या परीक्षणांत याबद्दल फारसं काही नव्हतं याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. मँगमने त्या वेळच्या मुलाखतीत सांगितलं होतं की अ‍ॅनची डायरी त्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली, दोन दिवसांत वाचली आणि मग तीन दिवस रडत होता. कालयंत्राने मागे जाऊन तिला वाचवल्याची स्वप्नं त्याला पडायची. ठीक आहे. पण गाण्यांत ते दुःख कधी प्रेमगीतासारखं होतं, कधी शरीराबद्दल बोलू लागतं. ती पंधरा वर्षांची मुलगी होती हो. १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्झेनच्या छावणीत बहिणीच्या पाठोपाठ गेली. एप्रिलमध्ये छावणी मुक्त झाली. तिच्यावर कुणाचंही स्वप्न असं चढवलेलं मला सोसत नाही.

संगीत सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. 

खडीसाखर | दुपारी १२:४०

वामांगीताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

मी डायरी मराठीत वाचली, आठवीच्या सुट्टीत, मावशीकडे डोंबिवलीला. दुपारी पंखा चालू, बाहेर लोकलचा आवाज. मला अ‍ॅन माझ्या वर्गातली वाटायची. आईशी भांडणारी, स्वतःला शहाणी समजणारी. पुस्तक अचानक थांबतं आणि पुढे छोट्या अक्षरात दोन परिच्छेदांत सांगितलेलं असतं की पुढे काय झालं. मी ते वाचून मावशीला विचारलं होतं, "म्हणजे झालं? संपलं?" मावशीने काही न बोलता पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि चहा टाकायला गेली.

हा अल्बम मला त्या "संपलं?"चा वाटतो. मोठा झालेला माणूस तेच आठवीतल्या मुलीसारखं विचारतोय आणि त्याला उत्तर मान्य नाही. म्हणून ती कधी बहीण होते, कधी भूत, कधी पुन्हा जन्मलेलं मूल. प्रेयसी मला दिसली नाही. पण तुम्हाला दिसली असेल तर ती गाण्यात आहे, हेही खरं.

वामांगी | दुपारी १:०५

खडीसाखर, हे मी विचारात घेते. शेवटचं गाणं या दृष्टीने पुन्हा ऐकेन.

अण्णा_सातारकर | दुपारी ३:२२

धागा वाचतोय. रॉकमधलं मला फार कळत नाही, पण विषय ओळखीचा आहे. 'दुसरी' कलाकृती आणि समीक्षक.

आपल्याकडे मर्ढेकर घ्या. पहिला संग्रह 'शिशिरागम', १९३९. हळवा, रविकिरण मंडळातल्या कवींच्या वळणाचा. दुसरा 'काही कविता', १९४७, आणि भूकंप झाला! दुर्बोध म्हणाले, अश्लील म्हणाले, खटला भरला. मर्ढेकर त्यातून सुटले, पण त्रास व्हायचा तो झालाच. आज मराठी नवकविता तिथूनच मोजतात. नवीन भाषा घेऊन कुणी आलं की पहिल्या पिढीच्या कानाला ती खडखडच वाटायची.

तंबोरा | दुपारी ३:५०

अण्णा, उदाहरण मोलाचं आहे, पण इथे बसत नाही. मर्ढेकरांवर खटला झाला. इथे पावणेनऊ मिळाले. विरोध झाला असता तर 'ओळखलं नाही' म्हणता आलं असतं. इथे कौतुक झालं आणि तरी माणूस गप्प झाला. हा प्रकार मला जास्त विचित्र वाटतो.

खरोखर थोबाडीत खाल्लेला दुसरा अल्बम बघायचा तर वीझरचा 'पिंकर्टन', सप्टेंबर १९९६. (कंपनी मोठी, गेफेन, म्हणून याला इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या वळणाचं, म्हणावं का यावर वाद घालू नका, कृपया.) पहिला अल्बम गुळगुळीत, तुफान खपलेला. दुसरा रिव्हर्स क्युओमोने हार्वर्डमध्ये शिकताना, पायाच्या शस्त्रक्रियेतून उठताना, पुच्चीनीचा 'मादाम बटरफ्लाय' हा ऑपेरा डोक्यात घेऊन लिहिला. खरखरीत, उघडावाघडा. अमेरिकन यादीत १९ व्या क्रमांकावर आला आणि घसरला. 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्याला वर्षातला तिसरा सर्वांत वाईट अल्बम ठरवलं. आणि २००२ मध्ये त्याच मासिकाच्या वाचकांनी सर्वकालीन सर्वोत्तम अल्बमांत त्याला १६ वा क्रमांक दिला! २०१० मध्ये पिचफोर्कचे १०. गंमत अशी की तोवर क्युओमोने धडा घेऊन टाकला होता. २००१ चा अल्बम पुन्हा गुळगुळीत, मनातलं काही बाहेर न सांडणारा.

अण्णा_सातारकर | दुपारी ४:०४

बरोबर आहे तुमचं. मागे घेतो. मर्ढेकर पिंकर्टनच्या खात्यात लिहा.

ओंकार_ध | दुपारी ४:१८

हे वाक्य मराठीत पहिल्यांदाच लिहिलं गेलं असणार!

द्विपद | संध्याकाळी ७:३०

अवांतर आहे, पण राहवत नाही. वर दोनदा रॉबर्ट श्नायडरचं नाव आलं. हा अल्बम ज्याच्या डेन्व्हरच्या स्टुडिओत झाला तो, शिवाय 'द अ‍ॅपल्स इन स्टीरिओ' हा त्याचा स्वतःचा बँड. हे गृहस्थ पुढे गणितज्ञ झाले. २०१८ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पीएचडी, मार्गदर्शक केन ओनो. विषय पूर्णांकांची विभाजनं, म्हणजे आपल्या रामानुजनचं अंगण.

विभाजन म्हणजे ४ ही संख्या किती प्रकारे बेरजेत फोडता येते: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. पाच. ९ ची होतात ३०. रामानुजनने दाखवलं की शेवटी ४ किंवा ९ असलेली कुठलीही संख्या घ्या, तिच्या विभाजनांच्या संख्येला ५ ने भाग जातोच. ओनो आयुष्यभर या वाटेवर आहेत आणि श्नायडर त्यांचे विद्यार्थी. करवत आणि युफोनियम एकाच पट्टीत बसवणारा माणूस तिथे गेला याचा मला फार आनंद झाला.

सुरपेटी | संध्याकाळी ७:४४

द्विपद, असं अवांतर रोज लिहा.

मृद्गंध | रात्री ९:२६

एका गोष्टीवर कुणी बोललंच नाही. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला मँगम येशूचं नाव घेऊन, मला तू आवडतोस, असं ताणून गातो. माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांपैकी दोघांनी तिथेच अल्बम बंद केला होता. एकाला वाटलं प्रवचन आहे, दुसऱ्याला वाटलं टिंगल आहे. इंडी रॉकच्या श्रोत्याला देवाचं नाव सरळ घेतलेलं झेपत नाही. मँगमने गाण्यांच्या शब्दांसोबत स्वतःच लिहून ठेवलंय की मी हे मनापासून गातो, पण हे कुठल्या एका धर्माचं नाही. सगळ्या वस्तूंच्या आत एक पांढरा प्रकाश दिसतो, त्याबद्दल आहे.

मला पहिल्या ऐकण्यातच ते आवडलं, कारण आमच्या घरी दर एकादशीला भजन असायचं. टाळ-मृदंग, दोन-तीन बेसूर आजोबा आणि मध्येच डोळे मिटून ओरडणारा एक तरी माणूस. तो खोटा आहे की खरा, असं कुणी विचारलं नाही कधी. माझा अंदाज आहे, १९९८ च्या परीक्षकांपैकी काहींचे तारे इथेच गळाले असतील. त्या काळी सगळं काही हात राखून, तोंड वाकडं करून गायची पद्धत होती आणि हा माणूस हात राखतच नव्हता.

अटकेपार | सोमवार, सकाळी ७:०१

मृद्गंध, यावरून आठवलं. बँड २०१३ मध्ये पुन्हा एकत्र आला, २०१५ पर्यंत फिरला. मी २०१४ मध्ये एका कार्यक्रमाला होतो, बायको आणि तिच्या भावासोबत. दारावरच सांगितलं होतं, फोटो नको, व्हिडिओ नको. मँगम दाढी वाढवून, टोपी घालून आला, एकटाच उभा राहिला आणि सुरू केलं. मी आयुष्यात इतके कार्यक्रम पाहिले, पण हजार-दोन हजार लोक हात खाली ठेवून उभे आहेत आणि सगळ्यांना प्रत्येक शब्द येतोय, असं पुन्हा दिसलं नाही. माझ्या मेव्हण्याचा जन्म १९९३ चा. अल्बम आला तेव्हा तो बालवाडीत होता. त्यालाही सगळं पाठ.

तेव्हा मला वाटलं की १० हा आकडा कुठल्या समीक्षकाचा नाहीच. या पोरांनी रात्री एकेकट्याने हेडफोनवर ऐकून ऐकून तो चढवला आणि पिचफोर्कने लिहून घेतला.

तंबोरा | सकाळी ८:१५

हे पटलं. म्हणजे सुरपेटींच्या प्रश्नाला उत्तर असं की १९९८ चा परीक्षक चुकला नाही, त्याला फक्त एक आठवडा मिळाला.

सुरपेटी | सकाळी ८:४०

नाही तंबोरा, एवढ्यावर सोडणार नाही मी. स्पिलेनला एक आठवडाही लागला नव्हता. तो तिथेच ओरडला!

क्लॅरिओनेट | मंगळवार, रात्री १०:५५

नवीन सभासद, पहिलाच प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे बाबा मिरजेत बँडमध्ये होते, लग्नाच्या वरातीचा बँड. छत्तीस वर्षं युफोनियम वाजवलं. आता वय ७४, दम लागतो म्हणून वाद्य माळ्यावर आहे. या धाग्यात युफोनियम वाचलं आणि काल त्यांना फोनवरून स्पीकर जोडून 'द फूल' ऐकवलं. या अल्बममधली ती दोन मिनिटांची नुसती धून आहे, गाणं नाही. स्पिलेननेच बांधलेली.

बाबांनी पहिले काही सेकंद ऐकून हात वर केला, म्हणजे गप्प बस. संपल्यावर म्हणाले, "हे वरातीचं नाही. पोचवायला चाललेत." मी विचारलं कशावरून. म्हणाले, वरातीत ढोल पुढे ओढतो आणि वाजवणारा त्याच्या मागे पळतो. इथे ढोल मागे रेटतोय, पाऊल जड आहे. बाबा तरुणपणी दोन-तीन हंगाम गोव्यात जायचे, तिथे ख्रिस्ती घरातल्या अंत्ययात्रेपुढे बँड असतो. तेव्हा असंच वाजवायचो म्हणाले.

मग पुन्हा लावायला सांगितलं आणि बोटं मांडीवर हलवत होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "ट्रम्पेटवाल्याचा सूर हलतोय. शिकलेला असता तर हलला नसता." मी म्हटलं, म्हणजे वाईट? तर म्हणाले, "वाईट कशाला? सगळे एकमेकांचं ऐकून वाजवतायत. कुणी कुणाला सोडून पुढे गेलेला नाही. आमच्यात शिकलेले होते, ते सोडून जायचे."

रानजाई | रात्री ११:१०

क्लॅरिओनेट, स्वागत. मी हे दोनदा वाचलं.

ओंकार_ध | रात्री ११:२२

माझे दीड गुण मी मागे घेतोय. बाबांना ना दंतकथा माहीत होती, ना आकडे.

सुरपेटी | रात्री ११:४०

क्लॅरिओनेट, बाबांना माझा नमस्कार सांगा. 'रोलिंग स्टोन'चा आक्षेप होता की ताल आणि चाली सपाट आहेत. तुमच्या बाबांनी तोच ताल ऐकून हा कसला ताल आहे, हे सांगितलं. पाऊल जड आहे! मी दोन आठवडे ऐकतेय आणि मला हे दिसलं नव्हतं.

तंबोरा, आता तुमचं थोडं पटतंय. वेळ हवा होता हे खरं, पण नुसता वेळ नाही. त्या वाद्यांबरोबर चाललेलं कुणीतरी हवं होतं. एक विनंती, जमलं तर बाबांना शेवटचं गाणं ऐकवा, 'टू-हेडेड बॉय'चा दुसरा भाग. त्यात ब्रास नसल्यातच जमा आहे, पण त्यांना काय वाटतं ते ऐकायचंय.

वामांगी | बुधवार, सकाळी १०:२०

मी ऐकलं ते शेवटचं गाणं, खडीसाखरच्या डोळ्यांनी. माझा आक्षेप पूर्ण गेला नाही. पण त्यातला मेलेला भाऊ आणि त्याच्यासाठी शोक करणारं घर मी याआधी नीट ऐकलंच नव्हतं, अ‍ॅनच्याच मागे होते. नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून ऐकलं, आणि बरं झालं लावलं.

खडीसाखर | सकाळी १०:३१

वामांगीताई ❤

मिसळपाववाला | दुपारी १:१५

आता पाच वेळा झाला. मांजर अजून करवतीलाच येते. पिंकर्टनचा वेगळा धागा कोण काढतंय?

तंबोरा | दुपारी १:४०

मी काढतो, रविवारपर्यंत.

क्लॅरिओनेट | गुरुवार, रात्री ९:४८

सुरपेटीताई, ऐकवलं.

गाण्यात बाबांना इंग्रजी शब्द कळत नव्हते, मी काही सांगितलंही नाही. डोळे मिटून बसले होते. गाणं संपतं तिथे मुद्रण लगेच बंद होत नाही, तुम्हाला माहीतच आहे. गिटार खाली टेकवल्याचा आवाज येतो, मग माणूस उठून चालत गेल्याचा. बाबांनी डोळे उघडले.

"गेला?"

मी म्हटलं हो, पंधरा वर्षं आला नाही.

बाबा थोडा वेळ स्पीकरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाद्य नीट ठेवून गेलाय." आणि मला माळ्यावरचं खोकं खाली काढायला सांगितलं.